चरी ते जासई : एका चळवळीचं मूळ शोधताना



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. गुडघ्याचं दुखणं, लग्नसराई आणि थोडा आळस... कारणं नेहमीचीच. पण परवा घरात एक प्रसंग असा घडला की आता लिहिलं नाही तर राहूनच जाईल असं वाटलं.

रात्रीची जेवणं आटोपून बातम्या बघत बसलो होतो. लेबनॉनची काहीतरी बातमी चालू होती. पडलेल्या इमारती, धूर, झेंडे घेतलेले लोक. नातू (यंदा दहावीला आहे) मोबाईलमधून डोकं वर काढून म्हणाला, "आबा, हे असले पक्ष येतात कुठून? कोणी सकाळी उठून ठरवतं का, की चला, आजपासून चळवळ?"

पस्तीस वर्षं खडू हातात धरलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो थांबतो होय! टीव्ही बंद केला आणि मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. लेबनॉन हा केवढा देश? आपल्या रायगड जिल्ह्याच्या साधारण दीडपट. त्याच्या दक्षिण भागात तंबाखू पिकवणारे गरीब शेतकरी, बहुतेक शिया पंथाचे. राजधानी बैरूतमध्ये बँका आणि हॉटेलं, आणि या लोकांच्या गावात ना रस्ता ना दवाखाना. जमीनदार घराण्यांतले लोकच त्यांचे पुढारी. १९५९ साली तिथे मूसा सद्र नावाचे एक मौलवी आले आणि १९७४ मध्ये त्यांनी एक चळवळ उभी केली. तिचं नावच होतं 'वंचितांची चळवळ'. मागण्या काय, तर पाणी, शाळा, रस्ते, सरकारात वाटा. पण १९७५ ला तिथे यादवी युद्ध पेटलं. चळवळीच्या पोटातून 'अमल' नावाची हत्यारबंद फौज निघाली. १९७८ मध्ये मूसा सद्र लिबियाला गेले ते बेपत्ताच झाले. त्याच वर्षी आणि पुन्हा १९८२ ला इस्रायलचं सैन्य आत शिरलं, आणि त्या धुमश्चक्रीत इराणच्या पाठबळाने 'हिजबुल्ला' जन्माला आली. म्हणजे सुरुवात कुठून, तर रस्ता आणि दवाखाना मागण्यापासून. आणि पोचली कुठे!

पोरगा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आपल्याकडे असं कधी काही झालं होतं का?"

मी म्हटलं, "दि. बा. पाटील ठाऊक आहेत का तुला?"

"हो. विमानतळाच्या नावाचं भांडण होतं ते ना?"

खरं सांगतो, वाईट वाटलं. त्याचा दोष नाही. आम्हीच सांगितलं नाही. ज्या इमारतीत तो क्लासला जातो ती कुणाच्या शेतावर उभी आहे, हे त्याला कोण सांगणार? म्हणून हा लेख. त्याच्यासाठी, आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असे नातू आहेत त्यांच्यासाठी.

तर सुरुवात आमच्या गावापासून करतो. आज करावे म्हटलं की लोकांना सीवूड्सचं स्टेशन, पाम बीच रस्ता आणि चाणक्यच्या मागच्या पाणथळीतले फ्लेमिंगो आठवतात. माझ्या लहानपणी करावे म्हणजे खाडी. एका बाजूला मासळी, दुसऱ्या बाजूला भात. आगरी आणि कोळी माणसांची वस्ती. पावसाळ्यात आवण, दिवाळीच्या सुमाराला कापणी, उरलेलं वर्ष मासळी, मिठागरावरची मजुरी, नाहीतर होडीतून मालाची ने-आण. चिंबोऱ्या आणि निवट्या विकत घ्यायच्या असतात हे मला मोठेपणी कळलं.

आमची भातशेती खाऱ्या जमिनीतली. भरतीचं पाणी अडवायला मातीचा बांध घातलेला असायचा. तो बांध फुटला की 'खांड पडली' म्हणायचे. खांड पडली की एकदा खारं पाणी शेतात शिरतं आणि दोन-तीन वर्षं पीक येत नाही. त्यामुळे हाळी ऐकू आली की अर्ध्या रात्रीसुद्धा सगळा गाव घमेली-फावडी घेऊन बांधावर. ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही त्याच्याही खांद्याला खांदा लावून. हे मुद्दाम सांगतोय. पुढची चळवळ समजायला याचा उपयोग होईल.

पण चळवळीचं मूळ शोधायचं तर करावे सोडून खाली अलिबागकडे जावं लागतं, चरी नावाच्या गावात.

तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात खोती होती. जमीन कसणारा कूळ, आणि सरकार आणि कूळ यांच्या मध्ये बसलेला खोत. पिकलेल्या भाताचा मोठा वाटा खोताच्या कोठारात जायचा. त्याशिवाय वेठ होती, निरनिराळे कर होते, आणि कर्ज तर पिढ्यान्‌पिढ्या फिटायचं नाही. तिथे नारायण नागू पाटील यांनी कुळांना एकत्र केलं. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरीच्या सभेत ठरलं की यापुढे खोताची जमीन कसायचीच नाही. शेतकऱ्यांचा संप! गिरणी कामगारांचा संप आपण ऐकलेला असतो. कामगाराला निदान दुसरीकडे मजुरी मिळू शकते. शेतकऱ्याने नांगर खाली ठेवला तर तो खाणार काय?

पंचवीस गावांतल्या लोकांनी हे केलं. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, १९३९ पर्यंत. जंगलातली लाकडं तोडून विकली, मिळेल ती मजुरी केली, उपास काढले, पण जमिनीला हात लावला नाही. १९३४ मध्ये चरीला शेतकरी परिषद झाली, तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. पुढे बाबासाहेबांनी १९३७ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा थेट मुंबईत विधिमंडळावर गेला. ते विधेयक मंजूर झालं नाही. पण रस्ता तयार झाला. १९४८ चा कूळ कायदा, १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा आणि मग १ एप्रिल १९५७, म्हणजे कसेल त्याची जमीन. त्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्याने मालक समजलं जाऊ लागलं.

आमच्या वाडवडिलांच्या पिढीत शाळा पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याएवढी. पण सातबाऱ्यावर नाव लागणं म्हणजे काय हे त्यांना पक्कं कळत होतं. माझे तात्या (वडिलांचे धाकटे भाऊ) सातबाऱ्याचा कागद पत्र्याच्या पेटीत लुगड्याच्या घडीत ठेवायचे. वर्षातून एकदा बाहेर काढून मला वाचायला लावायचे. मी दुसरी-तिसरीत असेन. स्वतःचं नाव ऐकलं की नुसतेच हसायचे.

या चरीच्या मातीतूनच पुढे कुलाब्यात शेतकरी कामगार पक्ष रुजला. तसा हा पक्ष जन्मला देशावर. शंकरराव मोरे, केशवराव जेधे वगैरे मंडळींनी १९४७ मध्ये काँग्रेसच्या आतच संघ काढला आणि १९४८ ला ते बाहेर पडले. पण देशावर तो पुढे बराच ओसरला. कुलाब्यात मात्र टिकला. का टिकला? माझं असं मत आहे की बाकी ठिकाणी लोक पक्षात गेले होते आणि कुलाब्यात पक्ष लोकांकडे आला होता. संप आधी झाला होता, झेंडा नंतर आला. अलिबाग, पेण, पनवेल, उरण या भागात लाल बावटा म्हणजे घरातलीच गोष्ट.

आता इथे एक गंमत आहे. आमची बेलापूर पट्टी ठाणे तालुक्यात, म्हणजे कुलाबा जिल्ह्याच्या बाहेर. पण सोयरिकी सगळ्या पनवेल-उरणकडे. माझी एक आत्या उरणला, चुलती पनवेलजवळच्या गावातली. त्यामुळे चरीचा संप आम्हाला पुस्तकातून कळला नाही, हळदीच्या रात्री मांडवात बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून कळला. चळवळीचा इतिहास लिहिणारे ठराव आणि मोर्चे मोजतात. पण लग्नाच्या मांडवात किती चळवळी वाढल्या असतील याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

दिनकर बाळू पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ चा, उरण तालुक्यातल्या जासईचा. शिकून वकील झाले. १९५७ मध्ये पनवेलमधून पहिल्यांदा आमदार झाले, म्हणजे वय वर्षं ३१. एकूण पाच वेळा आमदार, दोन वेळा खासदार, आणि १९७२ ते १९७७ विधानसभेत विरोधी पक्षनेते. म्हणजे रस्त्यावरचा माणूस आणि सभागृहातला माणूस एकच. हे लक्षात ठेवा, शेवटी यावर परत येईन.

आता १९७०. मुंबई फुगली होती. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ मध्येच कल्पना मांडली होती की खाडीपलीकडे नवं शहर वसवावं. कल्पना चांगलीच होती, मी तिला नावं ठेवणार नाही. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र. नकाशावर बघितलं तर केवढी रिकामी जागा!

ती रिकामी नव्हती एवढंच.

आता शिक्षकाची सवय म्हणून एक गणित सांगतो. कसेल त्याची जमीन झाली १९५७ ला. नव्या शहरासाठी जमिनी घ्यायला सुरुवात झाली १९७० ला. मधली वर्षं किती? तेरा. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्याची जमीन कसली, ज्यांच्या आप्तांनी चरीला सहा वर्षं उपास काढले, त्यांच्यातल्या कितीतरी कुळांना मालकीचा कागद मिळून जेमतेम एक तप झालं होतं. मला वाटतं, लोकांच्या संतापाचं खरं कारण इथे आहे. नुसता पैसा कमी मिळाला म्हणून माणूस गोळीसमोर उभा राहत नाही.

आणि पैशाचं काय होतं तेही सांगतो. संपादन झालं १८९४ च्या कायद्याने, इंग्रजांच्या. त्या कायद्याप्रमाणे भरपाई ठरायची ती पहिली अधिसूचना निघाली त्या दिवशीच्या बाजारभावाने. म्हणजे अधिसूचना १९७० ची, आणि ताबा किंवा पैसे पाच-दहा वर्षांनी मिळाले तरी भाव धरायचा तो १९७० चाच. १९७० मध्ये आमच्या जमिनीला भाव कसला? खारी भातशेती! शहर आल्यावर ज्या किमती वाढणार होत्या त्यात शेतकऱ्याला वाटा नाही. गावठाण तेवढं सोडलेलं, बाकी सगळं घेतलेलं. म्हणजे घर राहिलं आणि घराला पोसणारं शेत गेलं. पोरं वाढली की घर कुठे वाढवायचं? त्यातूनच पुढे ती 'गरजेपोटी बांधलेली घरं' आली, ज्यांचा वाद तुम्ही पेपरात वाचता.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. इतकी वर्षं कुठे लिहिली नाही.

नोटिसा आल्या तेव्हा मी विशी नुकती ओलांडली होती. आमच्या आळीत धड मराठी वाचू शकणारा, सरकारी भाषा उलगडून सांगू शकणारा मीच. लोक संध्याकाळी कागद घेऊन यायचे आणि मी कंदिलाच्या उजेडात वाचून दाखवायचो. तात्या पण आले. नोटीस पुढे ठेवून म्हणाले, "वाच रं मास्तर, काय म्हनतान ते." मी वाचलं. मग त्यांनी विचारलं, "आता काय करावाचा?"

मी म्हटलं, "तात्या, कायदा आहे. सरकारपुढे कोणाचं चालतं? पैसे घेऊन टाका. शहर येईल, पोरांना नोकऱ्या लागतील."

तात्यांनी माझं ऐकलं. शिकलेला पुतण्या सांगतोय म्हणजे बरोबरच असणार. हरकत घेतली नाही, वकील बघितला नाही, अंगठा दिला. आलेल्या पैशात मुलीचं लग्न झालं, घराची कौलं बदलली, संपले. पुढे काही वर्षांनी एका बांधकामावर रखवालदार म्हणून राहिले. जागा कोणती होती ते त्यांनी मला सांगितलं नाही, मला दुसऱ्याकडून कळलं. त्यांच्याच शेताच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी मला एका शब्दाने कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

असो.

सत्तरच्या दशकात मोर्चे, सभा, निवेदनं चालूच होती. सुरुवातीला प्रत्येक गाव आपापलं रडत होतं. आमचं एवढं गेलं, तुमचं तेवढं गेलं. दिबांचं मोठं काम हे की त्यांनी या सगळ्यांना एक नाव दिलं, प्रकल्पग्रस्त. आगरी असो, कोळी असो, कराडी असो, ठाण्याचा असो की कुलाब्याचा, ज्याची जमीन गेली तो प्रकल्पग्रस्त. शब्द सरकारी आहे, कानाला रुक्ष आहे, पण त्याने ९५ गावं एका बांधावर आणून उभी केली. खांड पडल्यावर जमायचे तशी.

आणि दुसरं काम म्हणजे दुःखाचं मागणीत रूपांतर. नुसतं "आमच्यावर अन्याय झाला" म्हणून भागत नाही. एकरी चाळीस हजार रुपये द्या, आणि घेतलेल्या जमिनीपैकी काही हिस्सा विकसित करून आम्हाला परत द्या, शहराच्या वाढत्या किमतीत आम्हाला भागीदार करा. वकिलाचं डोकं होतं ते. न्हावा-शेवा बंदरासाठी उरणच्या जमिनी घ्यायची वेळ आली तेव्हा गोष्ट हातघाईवर आली.

१६ जानेवारी १९८४. सोमवार होता. संक्रांत नुकतीच झालेली, शाळेत पोरांच्या खिशात अजून तिळगूळ होता. जासईजवळ दास्तान फाट्यावर हजारो शेतकरी, बायका-पोरांसकट जमले होते. पोलिसांनी गोळीबार केला. दोघं गेले, चिर्ले गावचे नामदेव घरत आणि धुतूमचे रघुनाथ ठाकूर. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, नवघर इथे पुन्हा गोळीबार. तिघं गेले, तिघेही पागोट्याचे. महादेव पाटील, केशव पाटील आणि कमळाकर तांडेल. एका गावातून एका दिवशी तीन ताट्या उचलल्या गेल्या. वसंतदादा पाटील तेव्हा मुख्यमंत्री होते.

मी त्या दिवशी वर्गात होतो. फळ्यावर अपूर्णांक लिहीत होतो.

आदल्या रात्री माझा चुलतभाऊ, तात्यांचा थोरला, विचारायला आला होता. "येतंस काय?" मी म्हटलं, शाळा आहे, रजा शिल्लक नाही. रजा शिल्लक होती. तो गेला. सोमवारी रात्री उशिरा परत आला. सदरा फाटलेला, पायात एकच चप्पल. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मास्तर, तू आलास नाय तां बरा झाला. तुजी नोकरी हाय." टोमणा नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटत होतं. म्हणूनच तो अजून बोचतो.

त्या गोळीबाराने काय झालं? त्याच वर्षी डिसेंबरात लोकसभेची निवडणूक आली. इंदिराजींच्या हत्येनंतरची. देशभर काँग्रेसची अशी लाट की मोठमोठे विरोधी नेते वाहून गेले. त्या लाटेत कुलाब्यातून दि. बा. पाटील निवडून आले. आम्हा करावेकरांना त्यांना मत देता येत नव्हतं, आमचा मतदारसंघ ठाण्याचा. पण निकाल लागला तेव्हा गावात फटाके वाजले.

आणि मग साडेबारा टक्के. १९९० मध्ये शासनाचा निर्णय झाला, १९९४ मध्ये त्याला पुढचं रूप आलं. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढी विकसित जमीन मूळ मालकाला परत. नातवाला मी कागदावर मांडून दाखवलं. एक एकर म्हणजे साधारण ४०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के ५०६. त्यातून पावणेचार टक्के सामाजिक सोयींसाठी कापायचे, हातात येतात पावणेनऊ टक्के, म्हणजे ३५४ चौरस मीटर. तो म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "आधी शून्य होतं." भरपाईचे पैसे फेकून वाटेला लावायचं ही रीत होती. घेतलेल्या जमिनीतून हिस्सा परत द्यायचा, शहराच्या नफ्यात मूळ मालकाला बसवायचं, हे तत्त्व या भागातल्या लोकांनी पाच माणसं गमावून सरकारच्या कागदावर आणलं. पुढे विमानतळाच्या वेळी तोच हिस्सा साडेबावीस टक्क्यांवर गेला, तोही याच पायावर.

सगळं गोड झालं असं नाही. चळवळीचं गुणगान करताना तेही सांगितलं पाहिजे. टक्के मोजायचे ते सातबाऱ्यावरून. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याचं काय? मिठागरातला मजूर, खाडीवर पोट असलेला कोळी, दुसऱ्याच्या शेतात राबणारी बाई. त्यांचंही जग गेलं होतं, पण त्यांचे साडेबारा टक्के कशाचे काढणार? शिवाय भूखंड हातात पडेपर्यंत वर्षं गेली, वारस वाढले, भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्या, कितीकांनी भूखंड मिळायच्या आधीच हक्क विकून टाकले. गावात गाड्या आल्या, बंगले आले. बांधावर एकत्र जमणं मात्र गेलं. पक्षही हळूहळू ओसरला. चळवळ जिंकते तेव्हा तिचं असंच होत असावं. मागणी मान्य झाली की माणसं आपापल्या वाट्याकडे वळतात.

२४ जून २०१३ ला दिबा गेले. त्यानंतर आठ वर्षांनी विमानतळाच्या नावावरून लोक पुन्हा रस्त्यावर आले. १० जून २०२१ ला मानवी साखळी झाली आणि २४ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, सिडकोवर मोर्चा. करोनाचे दिवस. घरचे नको नको म्हणत असताना मी मास्क लावून साखळीत उभा राहिलो. शेजारी चुलतभावाचा मुलगा होता. त्याला ठाऊक नव्हतं की मी सदतीस वर्षं उशिरा आलोय. २०२२ मध्ये राज्य सरकारने नावाचा ठराव केला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. आता कधी कधी विमान डोक्यावरून जातं. नातू मान वर करून बघतो, मी खाली बघतो. सवय!

तर आता त्याच्या प्रश्नाकडे येतो. चळवळ येते कुठून?

नुसत्या अन्यायातून येत नाही एवढं मला कळलंय. अन्याय तर सगळीकडे असतो. लेबनॉनच्या तंबाखूवाल्यावर होता तसा आमच्या भातवाल्यावर होता. अन्यायाबरोबर आधीच्या लढ्याची आठवण लागते. आमच्याकडे चरी होतं. माणसांना बांधणारं नातं लागतं, ते सोयरिकींचं होतं. आणि दुःखाला मागणीचं रूप देणारा एक माणूस लागतो.

पण मग त्यांचं तसं का झालं आणि आमचं असं का? आम्ही शहाणे आणि ते वेडे असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्यांच्याकडे राज्यच मोडून पडलं होतं. घरात यादवी, दाराशी परकं सैन्य, शेजाऱ्यांच्या हातात पैसा आणि बंदुका. आमच्याकडे गोळी चालली त्याच वर्षी निवडणूक झाली, आणि गोळी खाल्लेल्या लोकांचा माणूस दिल्लीला गेला. ज्या सरकारविरुद्ध भांडायचं त्याच्याच सभागृहात बोलायला जागा होती. दिबा रस्त्यावरही होते आणि सभागृहातही होते, असं मघाशी म्हटलं ते याचसाठी. ती जागा नसती तर १७ जानेवारीच्या रात्री पागोट्यातल्या पोरांनी काय ठरवलं असतं, हे मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. म्हणून ती जागा सांभाळायची असते.

बोलणं संपल्यावर मी माळ्यावरून तात्यांची पत्र्याची पेटी काढली. तात्या गेल्यावर ती चुलतभावाने माझ्याकडे दिली होती, "कागद तुलाच कलतान" म्हणून. लुगड्याच्या घडीत तो सातबारा अजून आहे. पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. नातवाला म्हटलं, वाच. त्याला ती जुनी अक्षरं लागेनात. अडखळत अडखळत त्याने सर्व्हे नंबर वाचला, मग तात्यांचं नाव वाचलं.

मग त्याने विचारलं, "आबा, हे शेत आता कुठे आहे?"

उद्या सकाळी त्याला घेऊन जाणार आहे. गुडघा साथ देईल तेवढं चालू. येत्या १६ जानेवारीला जासईला जायचंही ठरलंय, पाच जणांना हात जोडायला. या वेळी रजेचा प्रश्न नाही.

तुमच्या घरी कुणाकडे त्या दिवसांच्या आठवणी असतील तर विचारून लिहून ठेवा. म्हातारी माणसं फार दिवस थांबत नाहीत.

आज इतकंच.